बोदवडची लांब गाडी आणि तिचं दावं

आदरणीय जगदीशभाऊ यांना रावेरहून कुंदनचा कमरेत वाकून नमस्कार. (वाकलो तो मानाने, सरळ होता येत नाही ते उसण भरल्यामुळे. ती कशी भरली ते पुढे येईल.) तुमची तब्येत उत्तम असेल, वहिनींचे गुडघे उन्हाळ्यामुळे जरा बरे असतील, आणि पंपाच्या दुकानात गिऱ्हाइकांची रांग असेल, असं धरून चालतो. या दिवसांत मोटारी जळतात, म्हणजे तुमचं झकास चाललं असणार. आमच्याही दोन जळाल्या. तुमच्या आनंदात तेवढी आमची भर समजा.

हेमलताची आणि आमच्या दोन नव्या पाहुण्यांची ख्यालीखुशाली मी रोज फोनवर विचारतो, पण "बरं आहे" याच्या पुढे काही हाती लागत नाही. थोरल्या दोघी, ऋतिका आणि भूमिका, इथे मजेत आहेत. आईने त्यांना शाळेत जाताना डब्यात रोज शेव दिली आहे आणि हे तुमच्या बहिणीला सांगायचं नाही असं ठरलं आहे. खरं तर हे पत्र लिहायचं कारण काय, फोन केला असता. पण तुमच्या घरी फोन कायम स्पीकरवर असतो आणि भोवती निदान सहा माणसं असतात. मागे मी हेमलताला एक अगदी खाजगी गोष्ट सांगितली, तर पलीकडून तुमच्या वडिलांनी "हो हो, बरोबर आहे" म्हटलं. तेव्हापासून मी फोनवर फक्त हवापाणी बोलतो. म्हणून पत्र, आणि तेही दुकानाच्या पत्त्यावर. गल्ल्यावर बसून एकट्याने वाचा.

तुम्हाला तिची अट ठाऊकच आहे, कारण ती तुमच्याच ओट्यावर, तुमच्यासमोर, तुमच्याच घरचा चहा पीत घातली गेली. सव्वा महिना झाला की येईन, पण घरचे सगळे एका गाडीत बसून जाणार असतील तरच. नाहीतर बारसं इथेच धुळ्यात करा आणि तुम्ही सगळे जेवायला या. तिचंही चुकत नाही हो. भूमिकाच्या वेळेला मी तिला घरी कशी आणली? आमच्या केळीचा ट्रक खाली होऊन परत येत होता, त्याच्या केबिनमध्ये बाळबाळंतीण बसवली आणि मी मागून मोटारसायकलवर. मला ती युक्ती फार हुशारीची वाटली होती. ड्रायव्हरने तिला रस्ताभर स्वतःच्या सासूच्या तक्रारी सांगितल्या आणि एरंडोलच्या पुढे तिचं मत विचारलं. ती आजतागायत त्या दिवसाबद्दल एक शब्द बोलली नाही, आणि न बोलणारी हेमलता म्हणजे काय चीज आहे ते लहानपणापासून तुम्ही पाहिलंय. इकडे माझ्या आईने (शेवंताबाई एकदा ठरवतात, मग ब्रह्मदेव आला तरी त्यालाही वाढायला लावतात) बारसं रावेरलाच म्हणून अख्ख्या भावकीला आवतण देऊन टाकलं. म्हणजे मंडप, जेवण, पाहुणे सगळं इथे, आणि ज्यांचं बारसं त्या दोघी तिथे. गाडी मिळाली नाही तर मी रिकाम्या पाळण्याला दोरी धरून उभा राहणार, असं चित्र मला झोपेत दिसायला लागलं.

तेव्हा गाडी. नवी आपल्याला झेपणारी नाही, जुनीच घ्यायची, इथवर सगळ्यांचं एकमत होतं. पुढे प्रत्येकाचं तोंड वेगळ्या दिशेला. हेमलताने सांगून ठेवलेलं, डिकीत दोन पाळणे आडवे बसले पाहिजेत. आईचे गुडघे बघता गाडीत चढायला नको, नुसतं टेकायला हवं. आबा (म्हणजे आमचे वडील, तोतारामजी) म्हणाले, गाडी कुठलीही घ्या, पण घेण्याआधी तिचा चेहरा मी बघणार. आणि मला, भाऊ, खरं सांगू का, मला मजा हवी होती. आजवर मी ट्रॅक्टर चालवला, टेम्पो चालवला, पाच माणसं लादून मोटारसायकल चालवली. मला एकदा पालच्या घाटात वळणावर अशी गाडी टाकायची होती की चार पोरींचा बाप आहे हे दहा मिनिटं विसरायला व्हावं. ही माझी मागणी मी कोणालाच सांगितली नाही. तुम्हालाही सांगत नाही, असं समजा.

पहिल्यांदा जळगावला गेलो. एक जुन्या गाड्यांचा मोठा बाजार आहे, नाव नको. तिथल्या माणसाने उंच गाडी दाखवली, सात जणांची, काळी कुळकुळीत. आम्ही घरून जेवायचा पाट नेला होता, आईला चढायला. पाट ठेवला, वरून त्या माणसाने हात धरला, खालून मी जोर लावला, आणि आई एकदाची आत जाऊन बसली. बसल्यावर तिला गाडी एकदम पसंत! कारण तिथून तिला समोरच्या इमारतीतल्या लोकांचा स्वयंपाक दिसत होता. अडचण उतरताना आली. खाली बघितलं की तिला घेरी यायची. समजावून झालं, ओरडून झालं, मी खाली दोन्ही हात पसरून उभा राहून झालं. शेवटी तिने डबा मागवला आणि तिथेच बसून भाकरी खाल्ली. त्या माणसाचं धंद्याचं डोकं बघा, एवढ्यात दोन गिऱ्हाइकं आली, त्यांना त्याने तीच गाडी आईसकट दाखवली. एकाने अगदी गंभीरपणे विचारलं, या सोबत येतात का? आईने त्याला "तुमचं कोणतं गाव, बापा?" विचारलं आणि त्याच्या मावशीची ओळख काढली, तेव्हा कुठे ती गप्पांच्या भरात, त्याचा हात धरून, घेरी विसरून खाली उतरली. उंच गाडी रद्द.

मग धुळे. (हो, मी धुळ्याला आलो होतो आणि घरी आलो नाही. आता रागवा. पण आलो असतो तर वहिनींनी जेवू घातलं असतं, वडिलांनी हवापाणी विचारलं असतं, आणि हेमलताने माझ्या तोंडाकडे बघून गाडी मिळाली नाही हे ओळखलं असतं.) हायवेवरच्या त्या पठ्ठ्याकडे आठ जणांची व्हॅन होती. प्रत्येक गोष्टीवर हात ठेवून, सगळं कंपनीचंच असल्याची ग्वाही देत तो म्हणायचा, "बठ्ठं वरिजनल शे, दादा." हॉर्न दाबला तर वायपर फिरला. मी विचारलं, हे? तेही वरिजनल. मागचं दार आतून उघडत नव्हतं, बाहेरून कोणीतरी यावं लागायचं. मग शेवटचा माणूस कसा उतरणार, असं विचारलं तर तो माझ्याकडे दयेने बघत म्हणाला की एवढं मोठं कुटुंब आहे तुमचं, एकजण आधी उतरलेला असेलच की. बोलण्यात काही खोट काढता येईना, म्हणून मी फक्त पाणी पिऊन परत आलो.

घरी सगळ्यांची तोंडं उतरली. बारशाचा मांडववाला विचारायला लागला, खांब कधी रोवू. अशात आबांच्या कानावर आलं की बोदवडला झुलाल नानांकडे एक लांब गाडी आहे. झुलाल नाना म्हणजे जुने कापसाचे शेतकरी, आबांच्याच वयाचे, बाई जाऊन बरीच वर्षं झाली, मुलं पुण्याला आणि सुरतला. आम्ही गेलो तर गाडी गोठ्यात! गव्हाणीसमोर उभी, खाली भुसा पसरलेला, शेजारच्या खुंट्या रिकाम्या. गोठ्यातली बाकीची जनावरं विकून झाली होती, ही एकटी राहिली होती. पुढून बघाल तर साधी कार, पण मागे डिकी छताइतकी उंच, तिला काचा, आत सतरंजी अंथरून झोपता येईल एवढी जागा, आणि एक घडीचं बाकही. लोक हिला स्टेशन वॅगन म्हणतात म्हणे. फार वर्षांपूर्वी अशा चारदोन निघाल्या आणि कोणी घेतल्या नाहीत. (कंपनीचं नाव लिहीत नाही. लिहिलं की तुम्ही लगेच फोनवर किंमत बघाल आणि मला कळवाल.) गाडी ठेंगणी, म्हणजे आई पाटाशिवाय टेकली. लांब, म्हणजे पाळणे बसले. आणि बॉनेटवर हे एवढे गेरूचे पंजे उमटलेले आणि दोन्ही आरशांना हिंगूळ. नाना म्हणाले, पोळ्याला दुसरं कोणी उरलं नाही, मग हिलाच धुतो, रंगवतो, झूल घालतो आणि पुरणपोळीचा घास लावतो. मी हसणार होतो, पण आबांनी हात जोडले.

मग आबांनी गाडी बघितली. तुम्ही असायला हवं होतं. आधी समोर उभे राहून चांगला वेळ चेहरा न्याहाळला. मग उकिडवं बसून टायरांवरून बोट फिरवलं, जसं दात बघतात. मागे जाऊन कुल्ल्यावर थाप मारली. सायलेन्सर उचलून बघितला, मला वाटतं शेपूट म्हणून. विचारलं, मारकी तर नाही? नाना म्हणाले, स्वभावाने गरीब आहे, पण डावीकडे ओढते, कारण आयुष्यभर तिकडच्याच बांधाने चालली. आबांनी समजल्यासारखी मान हलवली. मी मध्येच इंजिनाचं काहीतरी विचारलं, तर दोघांनीही माझ्याकडे असं बघितलं की जणू मी लग्नात भटजींना मोबाइलची रेंज विचारतोय. नंतर नानांनी मला एक चक्कर मारू दिली. स्वतः शेजारी बसले. भाऊ, ती गाडी रस्त्याला जी चिकटली! वळणावर टाकली तर हूं की चूं नाही, नुसती गुर्र करून निघाली. वरातीत घोड्यावर बसलो होतो तेव्हाही मला एवढा आनंद झाला नव्हता. (हे वाक्य घरी वाचून दाखवू नका.) परतलो तेव्हा नाना छातीला हात लावून बसले होते, पण मला वाटलं आनंदाने.

आता सौदा. मी म्हटलं, नाना, किती? तर आबांनी मला मागे सारलं, खांद्यावरचं उपरणं काढलं, नानांच्या शेजारी बाजेवर बसले आणि दोघांचे उजवे हात उपरण्याखाली गेले. तुम्ही शहरातले, तुम्हाला ठाऊक असेल नसेल, पण जुन्या बैलबाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. कापडाखाली बोटं धरून सांगतात, म्हणजे भोवतीच्या लोकांना कळू नये. इथे भोवती लोक म्हणजे मी, आई आणि एक कोंबडी. तरीही कापडाखालीच. एकाची नजर आभाळाकडे, दुसऱ्याची निंबाकडे, मध्ये उपरणं हलतंय. शेजारच्या घरून चहा आला, दोघांनी डाव्या हाताने प्यायला. ऊन अंगणात सरकत बाजेपाशी आलं, बाज सावलीत ओढली, हात तसेच. आईला डुलकी लागली. अखेर आबा एकदम "राम राम" म्हणाले, उपरणं झटकलं आणि सौदा झाला! मी विचारलं, केवढ्याला? तर म्हणे, "कापडाखालची गोष्ट कापडाखाली. तुले काय करायचं?" मी म्हटलं, अहो, गाडी माझ्या नावावर होतेय. तर म्हणे, म्हणूनच. त्यांनी केळीच्या पट्टीतून, म्हणजे विक्रीच्या पैशातून, परस्पर दिले, आणि भाऊ, शपथ घेऊन सांगतो, माझ्याच गाडीची किंमत मला आजही माहीत नाही.

कागदांवर नानांनी तिथल्या तिथे सह्या केल्या. जॅक दिला, जादा चाक दिलं, रबरी पायपुसणी दिली, सीटला घालायच्या विणलेल्या टोप्या दिल्या, पोळ्याची झूलसुद्धा दिली. जनावर नव्या दारी आपण पोचवायचं असतं म्हणून स्वतः चालवत रावेरला आले. आम्ही दारात रांगोळी काढली, चाकांवर पाणी घातलं, आईने भाकरतुकडा ओवाळला, पोरी डिकीत नाचल्या, गल्लीतले सगळे जमले. नानांनी पेढा खाल्ला, गाडीच्या टपावरून हात फिरवला आणि संध्याकाळच्या एस.टी.ने गेले. गर्दी पांगल्यावर मी मोठ्या ऐटीत आत बसलो, पालच्या दिशेला तोंड केलं, हात चावीकडे नेला, आणि चावीच नाही! सीटखाली बघितलं, पेढ्यांच्या डब्यात बघितलं, भूमिकाला उलटं धरून बघितलं. फोन केला तर नाना शांतपणे म्हणाले, माझ्या बंडीच्या खिशात आहे.

मला वाटलं विसरून नेली. अहो, कसली विसरतात! म्हणाले, जनावर विकतो तेव्हा दावं देत नाही कोणी. दावं गेलं की गोठ्याची बरकत जाते. गाडी तुमची, दावं माझं. मी आबांकडे वळलो, म्हटलं आता तरी माझ्या बाजूने बोला. आबा म्हणाले, "बरोबर आहे त्याचं. दावं कोणी देते का रे? मी एवढे बैल विकले, एकाचं दावं दिलं का कधी?" मी म्हटलं, आबा, बैलाला दुसरं दावं बांधता येतं, कासरा विकत मिळतो! जळगावला एक चावीवाला आहे, तो सगळं कुलूपच बदलून देईल. तर आबा असे संतापले की काय सांगू. मागच्या दाराने दावं आणतो का? त्याच्या भरल्या गोठ्याला दृष्ट लावतो का? (भरला गोठा! एक कोंबडी!) चावीवाल्याचं नाव काढलं तर मी जेवणार नाही म्हणाले. आणि आईने त्यांचं ताट खरंच अर्धं वाढलं, तेव्हा मी हात टेकले.

तर गेले कित्येक दिवस गाडी दारात उभी आहे, म्हणजे होती. न चालणारी गाडी किती उपयोगाची असते हे चालणाऱ्या गाडीच्या मालकाला कळायचं नाही. आईने टपावर कुरडया वाळवल्या. ऋतिका डिकीत बसून गणितं सोडवायची, भूमिका तिथेच भातुकली मांडायची. दुपारचे आबा मागच्या सीटवर काचा उघड्या टाकून घोरायचे. हे सगळं बघून माझ्या जिवाची नुसती तगमग. पुढे सरकवून निंबाच्या सावलीत घ्यावी म्हणून एकट्याने ढकलायला गेलो, तर ती गियरमध्ये होती. उसण तेव्हाची. तुम्ही दर रविवारी फोनवर "मग पाहुणे, गाडीचं कुठवर?" विचारायचात आणि मी "दारातच आहे" म्हणायचो. खोटं नव्हतं ते.

शेवटी आईने परस्पर बोदवडला फोन लावला. चावी मागायला नाही. नुसतं म्हणाली, झुलालभाऊ, जनावर रुजलं का बघायला या, आमरस आहे, खापरावरचे मांडे करते. नाना दुसऱ्या दिवशी सकाळीच हजर. खिशातून चावी काढली, गाडी सुरू केली, पोरींना बाजारापर्यंत हिंडवून आणलं, जेवले, गाडीकडे बघत म्हणाले, हिला इथलं पाणी मानवलं. निघायच्या वेळी पोरी रडायला लागल्या म्हणून राहिले. दुसऱ्या दिवशी मांडे उरले होते म्हणून राहिले. तिसऱ्या दिवशी कोणी कारण विचारलंच नाही. आता ओसरीवर त्यांची बाज आहे, सकाळी उठून गाडी धुतात, दुपारी आबा आणि ते बाजेवर बसून एकमेकांच्या मेलेल्या बैलांची आठवण काढतात. एकदा मी चिडून आबांना म्हटलं, हा काय प्रकार आहे, विकली की नाही त्यांनी? आबा म्हणाले, भाव तर पहिल्या चहाआधीच ठरला होता. पुढचा सगळा वेळ तो नुसता माझा हात धरून बसला होता, मग मीही सोडला नाही. भाऊ, माझा राग तिथेच विरला. एके काळी नानांनी घरच्या अकरा माणसांसाठी घेतलेली गाडी होती ती. त्याला गिऱ्हाईक नकोच होतं, भरलेलं घर हवं होतं.

पण एक सांगतो. चावी त्यांच्याकडे, म्हणून गाडी तेच चालवतात. मी हात लावायचा नाही, जनावर बिचकतं. पालच्या घाटात गेलो होतो परवा, सगळे. मी मागे डिकीत, पोरींच्या मधोमध, गुडघे हनुवटीला लावून, उलट्या तोंडाने. वळणं सगळी मला निघून गेल्यावर दिसली. वेग असा की एक सायकलवाला बराच वेळ मागून घंटी वाजवत होता, मग तोही कंटाळून पुढे गेला आणि जाताना मला "काका, सांभाळून" म्हणाला. ही माझी मजा.

असो. येत्या रविवारी आम्ही न्यायला येतो आहोत. पहाटे निघून दिवस मावळायच्या आत नाना धुळ्याला पोचवतील असा अंदाज आहे. मुक्कामाची सोय करावी. वडिलांना व आईंना साष्टांग नमस्कार, वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद, दोन्ही नव्या भाच्यांचा मुका.

आपला नम्र,
कुंदन

ता. क. खरं कारण वर लिहायचं राहिलं. जागांचा मेळ बसत नाही. नाना चालवणार. शेजारी आबा, कारण सौदा त्यांनी केला, त्यांना मागे बसवणं शोभत नाही. मधल्या सीटवर आई, हेमलता, दोन बाळं आणि मांडीला मांडी लावून ऋतिका-भूमिका. कारण डिकीत दोन पाळणे, बाळंतविडा आणि वहिनी जे काही बांधून देतील ते. मी उरतो. नाना एस.टी.ने जायला तयार आहेत, पण मग चावी एस.टी.ने जाते. म्हणून मीच रविवारी एस.टी.ने येईन (येताना डिकीत आईची गाठोडी आहेत) आणि एस.टी.नेच परत जाईन. तुम्ही मला स्टँडवरून स्कूटरवर घ्या, आणि तेवढ्यात हेमलताच्या कानावर असं घाला की अट पूर्ण झाली, घरचे सगळे एका गाडीत आहेत, नवरा तेवढा पाठोपाठ येतोय. तुम्ही थोरले आहात, तुमच्यासमोर ती ओरडणार नाही. हेच खरं काम होतं. बाकी वरचं सगळं प्रस्तावना समजा.

ता. क. २. पाकीट डकवणार तेवढ्यात तिचाच फोन आला. आईने उचलला आणि सगळं सांगून टाकलं, दाव्यापासून सायकलवाल्यापर्यंत. मी दाराआड उभा. हेमलता आधी खूप हसली. मग नानांना फोनवर बोलावून म्हणाली, नाना, चावी कोणालाही देऊ नका, गाडी तुम्हीच चालवा, बारशाला पहिलं कुंची-टोपडं तुमच्या हातचं. (त्या माणसाने भिंतीकडे तोंड करून उपरण्याने डोळे पुसले, मी बघितलं.) मग मला बोलावलं. म्हणाली, मागच्या वेळी तुम्ही मागून येत होतात, मला आरशात नुसती धूळ दिसत होती, आणि बाळ रडत होतं. मला लांब गाडी नको होती हो. मला तुम्ही शेजारी हवे होतात. एवढं बोलायला हिला पाच वर्षं लागली, आणि मी तोवर डिक्यांची मापं घेत हिंडत होतो! पलीकडून तुमच्या वडिलांनी "हो हो, बरोबर आहे" म्हटलं.

ता. क. ३. तेव्हा वरची विनंती रद्द. नानांच्या गाडीत आबा, आई, पोरी आणि पाळणे चढवून द्या. आम्हाला सोमवारच्या रावेर एस.टी.ची शेजारशेजारची दोन आरक्षणं काढून ठेवा, तिचं अर्धं, माझं पूर्ण. बाळं एक तिच्या मांडीवर, एक माझ्या. आणि नानांना आमच्या चांगले सातआठ तास आधी रवाना करा, म्हणजे बारशाला सगळे एकदम पोचू.